चौदाव्या मजल्यापर्यंत न पोहोचलेली तक्रार

१९०८ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लंडनजवळच्या ब्रुकलँड्स शर्यतपट्टीवर एक वेगळीच परीक्षा झाली. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली तीन अमेरिकन कॅडिलॅक गाड्या नटबोल्टापर्यंत खोलल्या गेल्या. सगळे भाग एकाच ढिगात मिसळले. त्यातले ८९ भाग उचलून बाजूला ठेवले आणि त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातले भाग दिले. मेकॅनिकांच्या हाती फक्त पाने आणि स्क्रूड्रायव्हर होते. कानस चालवायची नाही, ठोकून बसवायचे नाही. त्या ढिगातून तीन गाड्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि प्रत्येक गाडी ५०० मैल धावली. त्या काळात उंची गाडी म्हणजे कारागिराने एकेक भाग घासून, जुळवून बसवलेली वस्तू. एका गाडीचा भाग दुसरीला बसेलच अशी खात्री कुणी देत नसे. या कामगिरीबद्दल कॅडिलॅकला ड्यूअर ट्रॉफी मिळाली, आणि १९०९ साली नुकत्याच जन्मलेल्या जनरल मोटर्सने कॅडिलॅक विकत घेतली.

अमेरिकन गाडी टिकत नाही, त्या लोकांना बारकाईचे काम जमत नाही, असे आपल्याकडे चारचौघांत सहज बोलले जाते. ब्रुकलँड्सचा हा प्रसंग त्यासाठीच आधी सांगितला. अचूकपणा या कंपनीच्या घरात पहिल्यापासून होता. कॅडिलॅकचा कर्ताधर्ता हेन्री लीलँड बंदुकांच्या कारखान्यांत आणि यंत्रावजारांच्या कामात तयार झालेला माणूस होता. १९१२ साली हाताने हँडल फिरवण्याच्या कटकटीतून चालकाला सोडवणारा विजेचा सेल्फ-स्टार्टरही कॅडिलॅकनेच आणला, चार्ल्स केटरिंगच्या डोक्यातून. ज्या कंपनीला हे जमले, तिच्या गाड्यांचे मालक पुढे पन्नास-साठ वर्षांनी डीलरच्या दारात हताश का उभे राहिले? मला दिसणारे उत्तर कारखान्याच्या जमिनीवर कमी आणि कचेरीच्या जिन्यात जास्त आहे. रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीची खबर, तिचा बिघडणारा भाग बदलण्याचा अधिकार असलेल्या माणसापर्यंत पोहोचणे बंद झाले.

जनरल मोटर्स उभी केली विल्यम ड्युरंटने. शाळा अर्धवट सोडलेला हा माणूस मिशिगनमधल्या फ्लिंट गावी घोडागाड्यांचा मोठा कारखानदार झाला, १९०४ साली डबघाईला आलेली ब्यूक हाती घेतली आणि १६ सप्टेंबर १९०८ रोजी जनरल मोटर्सची स्थापना केली. दिसेल ती कंपनी विकत घ्यायची ही त्याची रीत. १९१० साली सावकारांनी त्याला बाहेर काढले. त्याने लुई शेव्हर्ले या शर्यतपटूच्या नावाने नवी कंपनी काढली, तिच्या जोरावर जनरल मोटर्स परत मिळवली, आणि १९२० साली पुन्हा गमावली, ती कायमची. उतारवयात तो फ्लिंटमध्ये बोलिंगचा अड्डा चालवत असे. ड्युरंटवर लिहावे तितके थोडे, पण आपल्या विषयाला महत्त्वाचा आहे तो त्याच्या मागून आलेला आल्फ्रेड स्लोन.

स्लोनने १९२३ साली सूत्रे घेतली. फोर्ड एकच मॉडेल टी वर्षानुवर्षे विकत असताना स्लोनने शिडी मांडली: खाली शेव्हर्ले, मग पॉन्टिॲक, ओल्ड्समोबाइल, ब्यूक आणि सर्वांत वर कॅडिलॅक. पगार वाढला की माणसाने एक पायरी चढायची, पण घर सोडायचे नाही. दरवर्षी रूप बदलायचे, हप्त्यावर गाडी द्यायची. प्रत्येक विभाग आपापला कारभार करील आणि आकडे मात्र मध्यवर्ती कचेरीत येतील, ही त्याची व्यवस्था पुढे जगभरच्या व्यवस्थापन-शाळांत शिकवली गेली. त्याची एक सवय मात्र फारशी शिकवली गेली नाही. रेल्वेच्या एका डब्याचे ऑफिस करून तो अमेरिकाभर हिंडत असे आणि दिवसाला पाच-दहा डीलरांना त्यांच्याच दुकानात जाऊन भेटत असे. काय विकते, काय परत येते, गिऱ्हाईक कशावर चिडते, हे तो समोर बसून विचारी. कचेरीत येणारे आकडे आणि दुकानात ऐकलेले बोलणे, असे दोन्ही कान त्या काळी उघडे होते.

१९५५ साली जनरल मोटर्सने वर्षाला १ अब्ज डॉलरपेक्षा जास्त नफा कमावला. एवढा नफा कमावणारी ती पहिली अमेरिकन कंपनी. त्याच वर्षी शेव्हर्लेचे ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ इंजिन आले. एड कोल या अभियंत्याच्या हाताखाली तयार झालेले हे इंजिन इतके सुटसुटीत आणि मजबूत निघाले की त्याच्या वंशातली १० कोटींहून जास्त इंजिने आजवर बनली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर दोन गाड्यांमागे एक जनरल मोटर्सची होती. सरकार मक्तेदारीविरोधी कायदा लावून कंपनीचे तुकडे करील, ही त्या काळात वरच्या लोकांची काळजी होती. गाडी विकली जाईल की नाही, ही काळजी त्यांना नव्हतीच.

वरचे लोक म्हणजे डेट्रॉइटच्या मुख्य इमारतीतला चौदावा मजला. तिथली राहणी या कहाणीत फार महत्त्वाची आहे. वरिष्ठ अधिकाऱ्यांना कंपनीकडून गाडी मिळे. ती रोज इमारतीखालच्या गॅरेजात जाई. कंपनीचेच मेकॅनिक ती धुऊन, तपासून, पेट्रोल भरून संध्याकाळपर्यंत तयार ठेवत. काही महिन्यांनी ती बदलून नवी येई. सर्व्हिस सेंटरच्या बाकावर बसून राहणे, ‘आम्ही पाहिलं, काही सापडलं नाही’ हे ऐकणे, वॉरंटी संपल्यावर तिसऱ्या आठवड्यात आलेले बिल, यांतले काहीही या मंडळींच्या वाट्याला येत नव्हते. आपल्याच मालाचा वापर कसा असतो हे न कळण्याची इतकी पक्की सोय क्वचितच कुणी केली असेल.

या मजल्याला पहिला धक्का बाहेरून बसला. १९६० सालासाठी आणलेली कॉर्व्हेअर ही मागे इंजिन असलेली, हवेने थंड होणारी गाडी. मागच्या चाकांची रचना अशी, की जोरात वळताना चाक आत दुमडून गाडी घसरण्याचा धोका. तो टाळण्यासाठी पुढच्या आणि मागच्या टायरांत वेगवेगळी हवा ठेवायची होती, आणि ती किती ठेवायची हे सगळेच मालक किंवा पंपवाले लक्षात ठेवत नसत. पुढचा स्थिरक दांडा खर्च वाचवण्यासाठी गाळला होता, तो १९६४ साली बसवला. १९६५ साली राल्फ नेडर या तरुण वकिलाचे पुस्तक आले आणि त्याचे पहिले प्रकरण याच गाडीवर होते. कंपनीने नेडरच्या मागे खासगी हेर लावले. हे उघड झाल्यावर मार्च १९६६मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे त्याची जाहीर माफी मागावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेत वाहनसुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. हेही सांगायला हवे, की १९७२ साली सरकारी तपासणीत कॉर्व्हेअर तिच्या काळच्या इतर गाड्यांपेक्षा जास्त धोकादायक ठरली नाही. तरीही मला खटकते ती कंपनीची पहिली प्रतिक्रिया. तक्रार आली तेव्हा तक्रार तपासण्याऐवजी तक्रारदार तपासला गेला.

कॉर्व्हेअर हे सुरक्षेचे प्रकरण. टिकाऊपणाचे खरे प्रकरण सुरू होते व्हेगापासून.

जपानी आणि जर्मन छोट्या गाड्यांना तोंड देण्यासाठी शेव्हर्लेने सप्टेंबर १९७०मध्ये व्हेगा बाजारात आणली. गाडीचा आराखडा मध्यवर्ती कचेरीत झाला आणि तो शेव्हर्ले विभागाच्या हाती तयार अवस्थेत ठेवला गेला. विभागाचा तेव्हाचा प्रमुख जॉन डिलोरियन याने पुढे सांगितले आहे, की पहिली नमुना गाडी चाचणीपट्टीवर आठ मैल धावली आणि तिचा पुढचा भाग उखडून आला. इंजिनाचा ब्लॉक सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा होता आणि सिलिंडरात लोखंडी लायनर नव्हते. हेड मात्र बिडाचे. तापल्यावर दोन धातू वेगवेगळे फुगत. पाणी थोडे जरी कमी झाले तरी ब्लॉक वाकायचा, हेड गॅस्केट जायचे आणि मग गाडी ऑइल खाऊ लागायची. पेट्रोलइतकेच ऑइलचे डबे विकत घ्यावे लागतात, असे अनुभव त्या काळच्या मालकांनी भरभरून सांगितले आहेत. पत्र्याची कथा आणखी वाईट. गंजरोधक रंगाच्या हौदात गाडी बुडवताना पुढच्या मडगार्डाखाली हवेचा बुडबुडा अडकायचा आणि तेवढी जागा कोरडी राहायची. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांत ही मडगार्डे दोन-तीन हिवाळ्यांतच चाळणी झाली.

याच गाडीभोवती कल्पकताही किती होती पाहा. रेल्वेचा वाहतूक खर्च वाचावा म्हणून व्हेगा नाक खाली करून उभ्या टांगून नेल्या जात. एका वाघिणीत ३० गाड्या मावत. त्या अवस्थेत तेल सांडू नये म्हणून इंजिनात खास आडोसे घातले होते, बॅटरीची झाकणे वेगळी बनवली होती. एवढी बुद्धी वाहतुकीवर खर्च झाली आणि मडगार्डातल्या त्या बुडबुड्यासाठी मात्र वेळेवर कुणी पैसे काढले नाहीत.

व्हेगा ज्या लॉर्ड्सटाउनच्या कारखान्यात बनत होती तिथे तासाला १०० गाड्यांचे लक्ष्य होते. म्हणजे एका कामगारासमोर एक गाडी जेमतेम ३६ सेकंद. १९७२ साली तिथे संप झाला. पगार तिथे वाईट नव्हता. कामाची गती आणि कामातला जाच हे संपाचे मूळ होते. अर्धवट आवळलेला बोल्ट पुढे जाताना दिसला तरी पट्टा थांबवण्याचा अधिकार तिथल्या माणसाला नव्हता. कारखान्यातून निघणारी पहिली तक्रार कामगाराची असते, आणि ती तिथेच मरत होती.

सत्तरच्या दशकात तेल महागले, तेव्हा ओल्ड्समोबाइलने १९७८ सालासाठी ५.७ लिटरचे डिझेल इंजिन आणले. डिझेलमध्ये दाब पेट्रोल इंजिनाच्या दुपटीहून जास्त असतो. ब्लॉक मजबूत केला होता, पण हेड बसवण्याच्या बोल्टांची मांडणी पेट्रोल इंजिनाचीच ठेवली, कारण कारखान्यातली यंत्रे तीच वापरायची होती. बोल्ट ताणले जाऊ लागले, गॅस्केटे उडू लागली. इंधनातले पाणी वेगळे करणारा सेपरेटर पैसे वाचवण्यासाठी गाळला होता. त्या काळच्या अमेरिकन पंपांवरच्या डिझेलात पाणी सर्रास असे, आणि पाण्याने फ्युएल पंप गंजले. हेडची पकड भक्कम हवी आणि इंधनात पाणी नको, हे डिझेलचे दोन नियम आपल्याकडच्या कोणत्याही ट्रकवाल्याला तोंडपाठ असतात. डीलरकडच्या मेकॅनिकांना डिझेलचे शिक्षणच नव्हते. दहा लाखांहून जास्त गाड्यांत हे इंजिन बसले, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि १९८५ साली ते बंद झाले. पुन्हापुन्हा बिघडणारी नवी गाडी कंपनीला बदलून द्यायला लावणारे ‘लेमन लॉ’ अमेरिकेच्या राज्यांत १९८२पासून होऊ लागले. कनेटिकट त्यात पहिले. या इंजिनाने पोळलेल्या मालकांचा संतापही त्या लाटेमागे होता. आणखी एक नुकसान मोजायचे राहते. अमेरिकन कुटुंबांनी डिझेल मोटारीकडे पुढची कित्येक वर्षे पाठ फिरवली.

१९८१ सालच्या कॅडिलॅकचा प्रसंग मला सगळ्यांत बोलका वाटतो. गाडी सरळ रस्त्यावर सावकाश चालली असेल तर आठपैकी दोन किंवा चार सिलिंडर बंद ठेवायचे आणि पेट्रोल वाचवायचे, अशी ती योजना होती. कल्पना काळाच्या पुढची, पण गाडीतला संगणक तिला झेपणारा नव्हता. गाडी हिसके देई, अडखळे. डीलरकडच्या मेकॅनिकांनी शोधलेला उपाय साधा होता: एक वायर काढून टाकायची, की गाडी कायमची आठ सिलिंडरवर. पुढे २००५च्या सुमारास हीच कल्पना सुधारलेल्या संगणकासह मोठ्या पिकअप आणि एसयूव्ही गाड्यांत आली. संगणक आता चांगला होता, पण सिलिंडर बंद-चालू करणारे लिफ्टर अडकू लागले. टकटक आवाज, मग कॅमशाफ्टच खराब. मालकांनी काय केले? चालकाच्या गुडघ्याजवळच्या जोडणीत लावायचे एक छोटे यंत्र बाजारातून आणले, जे हे सिलिंडर बंद होऊच देत नाही. दोन पिढ्यांच्या मालकांनी कंपनीला एकच उत्तर दिले, आणि दोन्ही वेळा ते गॅरेजात दिले, कारण वर सांगण्याची सोय नव्हती.

शिकण्याची संधी मिळाली नाही, असेही नाही. कॅलिफोर्नियातला फ्रीमॉन्टचा कारखाना जनरल मोटर्सने १९८२ साली बंद केला होता. गैरहजेरी, दारू, भांडणे, वाईट गाड्या, यांसाठी तो बदनाम होता. १९८४ साली टोयोटाबरोबर भागीदारीत तो ‘नुमी’ या नावाने पुन्हा उघडला आणि कामगार बहुतेक तेच घेतले. फरक एवढाच, की आता पट्ट्याच्या कडेने एक दोरी होती. चूक दिसली की कुणीही ती ओढायची. गटप्रमुख धावत येई आणि गरज पडली तर सगळा पट्टा थांबे. थोड्याच काळात तिथल्या गाड्या जपानमधल्या कारखान्याच्या तोडीच्या निघू लागल्या. त्याच पट्ट्यावरून उतरणारी एक गाडी टोयोटाचे चिन्ह लावून जाई आणि तिची सख्खी बहीण शेव्हर्लेचे. तरीही गिऱ्हाईक टोयोटासाठी जास्त पैसे मोजायला तयार असे, आणि जुन्या बाजारातही तिलाच भाव जास्त. गमावलेला विश्वास परत यायला चांगली गाडी बनवणे पुरत नाही, हे त्या दोन किमतींत लिहिलेले होते. नुमीचे धडे उरलेल्या कंपनीत पसरवायला फार वर्षे लागली. इतर कारखान्यांत दोऱ्या बसल्या, पण दोरी ओढणाऱ्यावर साहेब ओरडायचाच.

मग जनरल मोटर्सच्या सगळ्याच गाड्या वाईट का? तसे म्हणणे मालकांवरही अन्याय होईल. अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या जाणकारांत एक म्हण रूढ आहे, की जनरल मोटर्सची गाडी बिघडलेल्या अवस्थेत जितकी वर्षे चालते तितकी वर्षे इतरांच्या गाड्या धडधाकट अवस्थेतही चालत नाहीत. ब्यूकचे ३.८ लिटरचे व्ही-६ इंजिन हा या म्हणीचा मोठा आधार. साठच्या दशकात त्याचा पूर्वज नकोसा झाला म्हणून कंपनीने त्याची यंत्रसामग्री जीप बनवणाऱ्या कैसर कंपनीला विकून टाकली होती. १९७३च्या तेलसंकटानंतर ती परत विकत आणली आणि त्यावर वर्षानुवर्षे सावकाश सुधारणा होत गेल्या. हे इंजिन असलेल्या ब्यूक लसेबर निवृत्त माणसांनी घेतल्या, मग नातवंडांना दिल्या. दोन-अडीच लाख मैल झालेल्या गाड्या आजही भेटतात. या इंजिनालाही प्लास्टिकच्या इनटेक मॅनिफोल्डचे दुखणे होते, आणि मुख्य यंत्र अभंग असताना भोवतालची स्वस्त वस्तू दगा देते ही मालकांची नेहमीची तक्रार: काच वर नेणारी मोटर, दाराचे हँडल, कूलंटने खाल्लेली गॅस्केटे. डेक्सकूल नावाच्या त्या कूलंटवर चाललेला सामूहिक दावा २००८ साली तडजोडीने मिटला.

माझा निष्कर्ष असा, की जिथे एकच यंत्र वीस-तीस वर्षे हाताळले गेले तिथे जनरल मोटर्स उत्तम होती, कारण तेवढ्या काळात तक्रार कशीही झिरपत का होईना अभियंत्यापर्यंत पोहोचत होती. जिथे घाईने नवे आणले तिथे पहिल्या वर्षांचे मालक चाचणीची जनावरे ठरले. म्हणूनच अनुभवी अमेरिकन मालक सांगतात: जनरल मोटर्सचे नवे मॉडेल पहिल्या दोन वर्षांत घेऊ नका.

१ जून २००९ रोजी कंपनीने दिवाळे जाहीर केले. निवृत्तिवेतनाचा बोजा, मोठ्या गाड्यांवर भिस्त, २००८ची मंदी, अशी कारणे त्यावर पुष्कळ लिहिली गेली आहेत. सरकारने सुमारे ५० अब्ज डॉलर घातले. त्यांतले ११ अब्जांहून जास्त परत आले नाहीत. पॉन्टिॲक, सॅटर्न, हमर संपले. चाळीसच दिवसांत ‘नवी’ कंपनी बाहेर आली. पण जुन्या कंपनीच्या एका किल्लीची गोष्ट अजून बाहेर यायची होती.

२००४ साली आलेल्या शेव्हर्ले कोबाल्टमध्ये आणि त्याआधीच्या सॅटर्न आयनमध्ये किल्ली फिरवण्याचा स्विच ढिला होता. तो ठरलेल्या जोरापेक्षा कमी जोराने फिरत असे. गुडघा लागला, किल्लीच्या जुडग्याचे ओझे पडले किंवा खड्ड्यात गाडी आदळली, की किल्ली मागे सरके आणि चालू गाडी बंद पडे. पॉवर स्टिअरिंग जाई, ब्रेक जड होई आणि सर्वांत भयंकर म्हणजे एअरबॅग उघडत नसे. कंपनीत हे गाडी बाजारात येण्याआधीच लक्षात आले होते. २००५ साली उपाय सुचवले गेले आणि खर्च व वेळ परवडत नाही म्हणून बाजूला ठेवले गेले. नवा भाग लागत होता तो एका डॉलरपेक्षाही कमी किमतीचा. त्याऐवजी डीलरांना पत्रक गेले, की गिऱ्हाइकाला जुडग्यातल्या जड वस्तू काढायला सांगा. चालती गाडी बंद पडणे ही कंपनीच्या वर्गवारीत ग्राहकाच्या ‘सोयी’ची बाब होती, सुरक्षेची नव्हे, आणि एकदा त्या खणात टाकल्यावर तिच्यासाठी पैसे मिळणे अवघडच.

२००६ साली एका अभियंत्याने स्विच सुधारायला मान्यता दिली, पण भागाचा क्रमांक बदलला नाही. भाग बदलला की क्रमांक बदलायचा, हा उद्योगातला पहिला नियम. त्या एका चुकीमुळे कंपनीचे स्वतःचे तपासनीस वर्षानुवर्षे कोड्यात पडले: २००७नंतरच्या गाड्यांत असे अपघात नाहीत, आधीच्यांत आहेत, आणि भाग तर कागदावर एकच! कोडे सुटले ते बाहेर. २०१० साली जॉर्जिया राज्यात कोबाल्ट चालवणारी एक तरुणी अपघातात गेली. काही दिवसांपूर्वीच तिने गाडी मध्येच बंद पडते म्हणून डीलरकडे नेली होती. तिच्या आईवडिलांनी दावा लावला. त्यांच्या बाजूच्या तज्ज्ञाने जुन्या गाडीतला स्विच आणि दुकानातून आणलेला नवा स्विच शेजारी ठेवून खोलले, तर क्रमांक तोच आणि आतली स्प्रिंग व दट्ट्या मात्र वेगळे. ज्या घराण्यातली कॅडिलॅक ब्रुकलँड्सला ढिगातल्या कुठल्याही भागाची हमी देऊन जिंकली, त्या घराण्याला आपल्या एका भागाचा हिशेब आता परका माणूस देत होता.

फेब्रुवारी २०१४पासून कंपनीने या दोषासाठी जगभरातून सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. भरपाईसाठी नेमलेल्या केनेथ फाइनबर्ग यांच्या निधीने १२४ मृत्यू आणि २७५ जखमींचे दावे मान्य केले. २०१५ साली फौजदारी प्रकरण मिटवताना कंपनीने ९० कोटी डॉलर मोजले. मेरी बारा नुकत्याच प्रमुखपदी आल्या होत्या. त्यांना काँग्रेसपुढे उत्तरे द्यावी लागली. कंपनीनेच नेमलेल्या अँटन व्हालुकस यांच्या अहवालात दोन सवयींचे वर्णन आहे. एक ‘जीएम नॉड’: बैठकीत सगळ्यांनी उपायाला मान डोलवायची आणि बाहेर पडल्यावर कुणीच काही करायचे नाही. दुसरी ‘जीएम सॅल्यूट’: हाताची घडी घालून दोन्ही बोटे बाहेरच्या दिशेने, म्हणजे जबाबदारी शेजाऱ्याची. कर्मचाऱ्यांना २००८ साली दिलेले एक प्रशिक्षणही याच सुमारास उघड झाले. आपल्या लिखाणात टाळायच्या ६९ शब्दांची यादी त्यात होती. ‘दोष’ म्हणायचे नाही, ‘आराखड्याप्रमाणे काम करत नाही’ म्हणायचे. अशा कागदावरून वरच्या साहेबाला धोका कळणार कसा?

महाराष्ट्राचे या कंपनीशी नाते जुने आहे. डिसेंबर १९२८मध्ये मुंबईत शिवडीच्या कारखान्यातून भारतात जुळवलेली पहिली शेव्हर्ले बाहेर पडली. गाड्यांबरोबर तिथे ट्रक आणि बसचे सांगाडेही जुळत. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेली पहिली एसटी बेडफर्ड होती, आणि बेडफर्ड हे जनरल मोटर्सच्या ब्रिटिश शाखेचे अपत्य. केवळ जुळणी करणाऱ्यांना यापुढे जागा नाही, भाग इथेच बनवा, असे धोरण सरकारने आखल्यावर १९५४ साली शिवडी बंद झाली.

कंपनी परतली ती गुजरातेत हालोलला, १९९६च्या ओपेल ॲस्ट्रासह. आणि २००८ साली पुण्याजवळ तळेगावला मोठा कारखाना उभा राहिला. स्पार्क आणि बीट तिथे बनत. पण मराठी प्रवाशाच्या अनुभवाची गाडी म्हणजे हालोलची तवेरा. पिवळ्या पाटीच्या तवेरात बसून शिर्डी, अक्कलकोट, गोवा केले नाही असे कुटुंब विरळा. इसुझूच्या घराण्यातले तिचे २.५ लिटरचे डिझेल इंजिन चालकांना आवडे. दहा माणसे आणि टपावर सामान घेऊन घाट चढायची तिची ताकद ते आजही वाखाणतात. जुलै २०१३मध्ये कंपनीने २००५पासूनच्या १ लाख १४ हजार तवेरा परत बोलावल्या. कारण असे निघाले, की काही कर्मचारी प्रदूषण-तपासणीसाठी खास निवडलेली, कमी धूर सोडणारी इंजिने गाडीत बसवून दाखवत होते. अमेरिकेतल्या वरिष्ठांसह सुमारे पंचवीस जणांना घरी पाठवले. सरकारी समितीने हा प्रकार म्हणजे कंपनीने केलेली फसवणूक ठरवली. इथे तर चांगली खबर बनवून वर पाठवली गेली होती, आणि मालकाला आपल्या गाडीत काय आहे याचा पत्ता नव्हता. तेव्हा भारतात गाड्या परत बोलावणे कंपन्यांच्या मर्जीवर होते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने त्याला कायद्याचे बळ दिले आणि १ एप्रिल २०२१पासून सात वर्षांच्या आतल्या गाड्यांचे मालक सरकारच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर थेट तक्रार नोंदवू शकतात.

मे २०१७मध्ये कंपनीने भारतात विक्री थांबवण्याची घोषणा केली. सुटे भाग आणि सेवा चालू ठेवण्याचा शब्द दिला, पण जुन्या बाजारात शेव्हर्लेचा भाव एका रात्रीत कोसळला. हप्ते फेडत असलेल्या बीटच्या मालकांना हा फटका बिघाडापेक्षा मोठा होता, कारण त्यांची गाडी ठणठणीत असूनही तिची किंमत गेली. तळेगावातून मेक्सिकोला निर्यात चालू राहिली, ती डिसेंबर २०२०मध्ये थांबली. चिनी ग्रेट वॉल कंपनीशी ठरलेला विक्रीचा सौदा सरकारी परवानगीअभावी फिसकटला, कामगारांचा लढा लांबला, आणि अखेर २०२४च्या सुरुवातीस कारखाना ह्युंदाईकडे गेला.

किल्लीच्या प्रकरणानंतर कंपनी बदलली का? कर्मचाऱ्याला धोका थेट कळवता यावा अशी सोय सुरू झाली. २०२०-२१ साली बोल्ट या विजेच्या गाडीच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या, तेव्हा आधी काही गाड्या आणि मग बनलेल्या सगळ्या, सुमारे १ लाख ४२ हजार बोल्ट परत बोलावल्या. गाडी घराबाहेर लावा, इतर गाड्यांपासून दूर लावा, अशी सूचना मालकांना दिली. लाज वाटावी अशी ती सूचना होती, पण ती स्पष्ट होती, आणि दहा वर्षे दडवलेली नव्हती. हा फरक मी मोठा मानतो.

एप्रिल २०२५मध्ये मात्र ६.२ लिटरच्या व्ही-८ इंजिनासाठी जगभरातल्या ७ लाखांहून जास्त पिकअप आणि एसयूव्ही परत बोलवाव्या लागल्या. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉड बनवताना राहिलेल्या दोषामुळे इंजिन चालत्या गाडीत जाम होत होते. कंपनीकडे अमेरिकेतूनच २८ हजारांवर तक्रारी व घटना जमल्या होत्या, आणि त्यापूर्वी कंपनीने अंतर्गत चौकश्या उघडून बंदही केल्या होत्या. सरकारी यंत्रणेने जानेवारीत तपास सुरू केल्यावर हालचालीला वेग आला. तपासणीत जे इंजिन वाईट निघेल ते बदलून मिळते. जे ठीक ठरेल त्यात जास्त दाट ऑइल, नवा फिल्टर आणि नव्या ऑइलचा क्रमांक छापलेले झाकण मिळते. दाट ऑइल हा उपाय आहे की मलमपट्टी, यावर लाखभर डॉलरची कॅडिलॅक एस्कलेड घेतलेले मालक आणि चाळीस वर्षे इंजिने खोललेले मेकॅनिक वाद घालत आहेत. काही मालक आता प्रत्येक ऑइल बदलीच्या वेळी बाटलीभर जुने ऑइल खासगी प्रयोगशाळेत पाठवतात, त्यात बेअरिंगच्या धातूचे कण किती आले ते तपासून घेतात आणि तो कागद तारखेसह जपून ठेवतात.